तापल्यावर बंद पडणारी जुनी बुलेट : इग्निशनचा दोष शोधण्याचा क्रम

हे लेखन पॉइंटवर (ठिणगीसाठी करंट जोडणाऱ्या आणि तोडणाऱ्या धातूच्या दोन टोकांवर) चालणाऱ्या, कास्ट आयर्न इंजिनाच्या ३५० सीसी बुलेटबद्दल आहे. ज्यांच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक इग्निशन आहे त्यांना यातला बॅटरी, वायरिंग आणि प्लगचा भाग उपयोगी पडेल. पॉइंट आणि कंडेन्सर (पॉइंटमध्ये ठिणगी पेटू न देणारा छोटा भाग) यांचा भाग त्यांना लागू नाही. माझी गाडी १९९६ची, १२ व्होल्टची आहे. तिच्यावर आणि वाई-सातारा भागातल्या मित्रांच्या गाड्यांवर हा दोष मी पुन्हापुन्हा शोधला आहे, आणि दर वेळी तपासणीचा क्रम चुकला की वेळ आणि पैसा दोन्ही वाया गेले आहेत. म्हणून तो क्रमच येथे सविस्तर मांडत आहे.

लक्षणे

सर्वांत जास्त आढळणारे लक्षण असे. सकाळी गाडी पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू होते, सपाट रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर कुरकुर न करता चालते, आणि घाट लागला किंवा शहरातल्या गर्दीत अडकली की चावी फिरवल्यासारखी एकदम बंद पडते. त्यानंतर कितीही किक मारल्या तरी दाद देत नाही. वीस-पंचवीस मिनिटे सावलीत उभी केली की जणू काही झालेच नाही अशी सुरू होते आणि पुन्हा पाच-सात किलोमीटरवर थांबते.

दुसऱ्या प्रकारात गाडी पूर्ण बंद पडत नाही, पण वेग वाढवला की मिसिंग करते आणि सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात. ठिणगी एखाद्या फेऱ्यात चुकली की न जळलेले मिश्रण तसेच सायलेन्सरमध्ये जाते आणि पुढच्या फेऱ्यातल्या आगीने तेथे पेटते. त्याचा हा आवाज असतो. तिसऱ्या प्रकारात हेडलाइट लावला की गाडी गुदमरते, हॉर्न दाबला की बंद पडते, आणि दिवा आयडलिंगला पिवळा दिसतो. चौथ्या प्रकारात किक उलटी मारते किंवा इंजिन नेहमीपेक्षा जास्त तापते आणि चढावर जोर धरत नाही. पाचवे लक्षण फक्त पावसाळ्याचे आहे. पाचगणी-महाबळेश्वरच्या धुक्यात आणि संततधारेत गाडी बंद पडते, कोरडी झाली की चालते.

याआधी एक फरक ओळखावा लागतो. पेट्रोल कमी पडल्याने बंद पडणारी गाडी आधी आचके देते, जोर हळूहळू कमी होतो, आणि ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दिला तर ती क्षणभर सावरते. विजेच्या दोषाने बंद पडणारी गाडी बहुधा सूचना देत नाही. हा नियम शंभर टक्के खरा नाही, पण सुरुवात करायला पुरेसा आहे.

दोष दिसत असतानाच तपासणी

या दोषाची खरी अडचण अशी की गाडी थंड झाली की पुरावा नाहीसा होतो. ठिणगीसाठी हजारो व्होल्ट तयार करणाऱ्या कॉइलच्या आतली बारीक तार जेथे तुटायला आलेली असते तेथे उष्णतेने फट पडते, कंडेन्सरमधले इन्सुलेशन तापल्यावर गळू लागते, आणि दोन्ही निवाले की पूर्ववत होतात. गॅरेजमध्ये ढकलत नेईपर्यंत गाडी थंड झालेली असते. तेथे ती सुरू होते, मेकॅनिकला काही सापडत नाही, आणि मग अंदाजाने भाग बदलले जातात.

माझ्या गाडीचे असेच झाले. पसरणीच्या घाटात ती लागोपाठ तीन रविवारी बंद पडली. मी आधी प्लग बदलला, मग बॅटरी, मग नवी कॉइल घातली, आणि चौथ्या रविवारी ती त्याच वळणाच्या आसपास पुन्हा थांबली. दोष कंडेन्सरचा होता, जो या सगळ्यांत स्वस्त भाग आहे. त्या दिवसापासून मी तपासणीचे साहित्य गाडीवरच ठेवतो : प्लग पाना, एक चांगला असल्याची खात्री केलेला प्लग, फिलर गेज (बारीक फट मोजण्याची पाती), छोटा स्क्रू ड्रायव्हर, १२ व्होल्टच्या बल्बला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प, दोन्ही टोकांना क्लिप आणि मध्ये फ्यूज असलेली मीटरभर वायर, एक जास्तीचा कंडेन्सर आणि कोऱ्या जाड कागदाचे दोन-तीन तुकडे. मल्टिमीटर असल्यास उत्तम. नसला तरी यातल्या बहुतेक तपासण्या होतात.

गाडी बंद पडली की ती आधी रस्त्याच्या कडेला, वळणापासून दूर, स्टँडवर लावावी. घाटात मागून येणाऱ्या वाहनाला वळणाआड उभी असलेली गाडी आणि तिच्याशेजारी बसलेला माणूस दिसत नाही.

पेट्रोल टाकीचे झाकण

पहिली तपासणी फुकटची आहे. टाकीचे झाकण उघडावे आणि हवा आत ओढली जाण्याचा आवाज येतो का ते ऐकावे. झाकणातले हवेचे बारीक छिद्र बुजले तर टाकीत निर्वात तयार होतो आणि दहा-पंधरा किलोमीटरनंतर पेट्रोल खाली उतरत नाही. थोडा वेळ थांबल्यावर हवा कशीबशी आत शिरते आणि गाडी सुरू होते. वरवर पाहता हे लक्षण तापलेल्या कंडेन्सरसारखेच वाटते, आणि म्हणूनच ही तपासणी पहिली. झाकण सैल ठेवल्यावर गाडी न थांबता चालली तर छिद्र साफ करावे आणि पुढचे काही करू नये.

ॲमीटरचा काटा

यानंतर मी सरळ ॲमीटरकडे, म्हणजे बॅटरीत येणारा-जाणारा करंट दाखवणाऱ्या मीटरकडे पाहतो. जुन्या बुलेटच्या हेडलाइटच्या घरावर बसवलेला तो छोटा गोल मीटर बहुतेक लोक शोभेचा समजतात, किंवा बंद पडला तर बदलायचीही तसदी घेत नाहीत. इग्निशनचा दोष शोधण्यासाठी या गाडीत त्याच्याइतके उपयोगी साधन दुसरे नाही.

त्यासाठी ठिणगी कशी तयार होते हे थोडक्यात समजून घ्यावे लागेल. पॉइंट मिटलेले असताना बॅटरीतला करंट चावी आणि ॲमीटरमधून कॉइलच्या पहिल्या, जाड वेटोळ्यात जातो आणि पॉइंटमधून अर्थला, म्हणजे गाडीच्या धातूच्या सांगाड्याला मिळतो. १२ व्होल्टच्या कॉइलच्या या वेटोळ्याचा रोध साधारण ३ ते ४ ओहम असतो, म्हणून करंटही साधारण ३ ते ४ अँपिअर वाहतो. कॅमने पॉइंट उघडले की हा करंट तुटतो, कॉइलमधले चुंबकत्व एका झटक्यात कोसळते आणि दुसऱ्या, बारीक वेटोळ्यात हजारो व्होल्ट तयार होऊन प्लगला ठिणगी पडते. पॉइंट उघडताना त्यांच्यामध्येच ठिणगी पेटत राहिली तर करंट झटक्यात तुटत नाही आणि प्लगची ठिणगी मरते. ते होऊ न देणे हे कंडेन्सरचे काम.

आता तपासणी. सर्व दिवे बंद करून चावी चालू करावी, डिकॉम्प्रेसरचा (सिलिंडरमधला दाब सोडणारा) लिव्हर ओढून धरावा आणि किक हाताने किंवा पायाने अगदी सावकाश खाली न्यावी. पॉइंट मिटलेले असतील तेव्हा काटा वजा बाजूला साधारण ३ अँपिअरपर्यंत जातो, आणि पॉइंट उघडले की शून्यावर परत येतो. या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत पॉइंट एकदाच उघडतात, म्हणून काटा हलण्यासाठी किक दोन-चार वेळा दाबावी लागते; घाई करू नये.

काटा असा जात-येत असेल तर बॅटरी, फ्यूज, चावी, ॲमीटर, कॉइलचे पहिले वेटोळे आणि पॉइंट इतक्या गोष्टी एकाच वेळी त्या क्षणापुरत्या ठीक ठरतात. उरतात प्लग, प्लग कॅप, जाड हाय टेन्शन वायर, कॉइलचे दुसरे वेटोळे आणि कंडेन्सर.

काटा शून्यावरून हललाच नाही, तर करंट कुठेतरी तुटलेला आहे. अशा वेळी पॉइंटचे झाकण काढून, पॉइंटच्या वायरचे टोक स्क्रू ड्रायव्हरने इंजिनाच्या धातूला क्षणभर टेकवावे. तेव्हा काटा वजा बाजूला गेला तर पॉइंट घाणेरडे आहेत किंवा पूर्ण मिटत नाहीत. तेव्हाही हलला नाही तर दोष पॉइंटच्या अलीकडे, म्हणजे कॉइल, चावी, ॲमीटर, फ्यूज किंवा बॅटरीच्या जोडणीत आहे.

काटा वजा बाजूला जाऊन तिथेच राहिला आणि किक कितीही फिरवली तरी परतला नाही, तर पॉइंटच्या दोन टोकांमध्ये कोरा कागद सरकवावा. काटा शून्यावर आला तर पॉइंट उघडतच नाहीत, त्यांचा गॅप संपला आहे. कागद असूनही काटा वजावरच असेल तर करंट पॉइंटला वळसा घालून अर्थला जात आहे. म्हणजे पॉइंटच्या स्क्रूखालचे इन्सुलेशनचे वॉशर चुकीच्या क्रमाने बसले आहेत, वायर कुठे घासून धातूला टेकली आहे, किंवा कंडेन्सर आतून शॉर्ट झाला आहे. कंडेन्सरची वायर सोडवून वेगळी धरावी. तेवढ्याने काटा परतला तर दोषी सापडला.

इतके सगळे पाच मिनिटांत होते आणि यात एकही भाग विकत घ्यावा लागत नाही. ज्यांचा ॲमीटर बंद आहे त्यांनी टेस्ट लॅम्पची एक वायर पॉइंटच्या वायरला आणि दुसरी अर्थला लावावी. पॉइंट मिटलेले असताना बल्ब विझतो आणि उघडल्यावर लागतो. तरीही ॲमीटर दुरुस्त करून घ्यावा, असा माझा आग्रह आहे.

बॅटरी, फ्यूज आणि अर्थिंग

काटा हलत नसेल, किंवा लक्षणे दिवा आणि हॉर्नशी जोडलेली असतील, तर बॅटरीकडे जावे. आधी दोन्ही टर्मिनल हाताने हलवून पाहावीत. सैल टर्मिनल खड्ड्यात सुटते, पुढच्या खड्ड्यात जुळते, आणि मालक कॉइलवर संशय घेत बसतो. पांढरा-हिरवा क्षार चढला असेल तर तो गरम पाण्याने धुऊन, कोरडे करून, टर्मिनल घट्ट करून वरून पेट्रोलियम जेली लावावी. बॅटरीची अर्थिंगची वायर जेथे चेसिसला बोल्टने बसवलेली असते तेथे रंग आणि गंज खरवडून चकचकीत धातू दिसेपर्यंत साफ करावा. रंगावर बसवलेली अर्थिंग ही नव्याने रंगवलेल्या जुन्या गाड्यांमधली हमखास आढळणारी चूक आहे.

मल्टिमीटरने पाहिले तर पूर्ण चार्ज असलेली आणि काही तास विसावलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२च्या खाली असेल तर ती जवळजवळ रिकामी आहे. चावी चालू आणि पॉइंट मिटलेले असताना व्होल्टेज एकदम कोसळले तर बॅटरी जुनी झाली आहे.

काचेचा फ्यूज डोळ्यांना चांगला दिसला तरी काढून दोन्ही टोके आणि धरणारी पट्टी साफ करावी. तापल्यावर सैल होणारी फ्यूजची पट्टी मी दोन गाड्यांवर पाहिली आहे. फ्यूज पुन्हापुन्हा जात असेल तर त्या जागी जाड तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून पुढे जाऊ नये. फ्यूज जातो याचा अर्थ कुठेतरी वायर धातूला टेकली आहे, आणि ती बहुतेक वेळा पेट्रोलच्या टाकीखालूनच गेलेली असते. येथे थांबावे आणि गाडी वायरिंगच्या जाणकाराकडे न्यावी.

प्लग, कॅप आणि जाड वायर

काटा नीट हलत असूनही गाडी सुरू होत नसेल तर प्लग काढावा. जवळ ठेवलेला चांगला प्लग कॅपला लावून, त्याची धातूची बाजू सिलिंडर हेडच्या पात्याला घट्ट टेकवून किक मारावी. निळसर, जाड, टक् असा आवाज करणारी ठिणगी चांगली. बारीक, पिवळी किंवा चुकत येणारी वाईट. ही तपासणी करताना तीन गोष्टी पाळाव्यात. प्लग धातूला टेकलेला असल्याशिवाय किक मारू नये, कारण ठिणगीला वाट मिळाली नाही तर ती कॉइलच्या आतले इन्सुलेशन फोडते. प्लगचे भोक आणि ठिणगी यांत अंतर ठेवावे, कारण त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते. आणि ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी ही तपासणी स्वतः करू नये, दुसऱ्याकडून करून घ्यावी.

नव्या प्लगला ठिणगी आली आणि जुन्याला आली नाही, तर शोध संपला. दोन्हींना आली तरी जुना प्लग निर्दोष ठरत नाही, कारण बाहेरच्या हवेत ठिणगी सहज पडते, दाबाखाली तिला जास्त व्होल्टेज लागते. प्लगचा गॅप मी ०.५ मिलिमीटर ठेवतो. गाडीच्या पुस्तिकेत वेगळे दिले असेल तर तेच पाळावे.

कॅप पिळून काढावी आणि वायरचे टोक अर्धा सेंटिमीटर कापून पुन्हा बसवावे. टोकाशी तांबे हिरवे पडलेले असते आणि ठिणगीची निम्मी ताकद तेथेच जाते. पावसाळी लक्षण असेल तर अंधारात इंजिन सुरू करून कॅप आणि वायरवर पाणी शिंपडावे. तडा गेला असेल तर तेथून इंजिनाकडे उडणाऱ्या निळ्या रेघा डोळ्यांना दिसतात. हा भाग दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. चिकटपट्टी गुंडाळून एखादा पाऊस निघेल, पावसाळा निघणार नाही.

चावीला वळसा देणारी वायर

काटा हलत नाही, बॅटरी ठीक आहे, आणि वायरिंगच्या जंजाळात कुठून शिरावे कळत नाही, अशा वेळी फ्यूज लावलेली मीटरभर वायर कामाला येते. चावी बंद ठेवून तिचे एक टोक बॅटरीच्या अधिक टर्मिनलला आणि दुसरे कॉइलच्या ज्या टोकाला चावीकडून वायर येते त्या टोकाला जोडावे. (हे बॅटरीचे वजा टोक चेसिसला जोडलेल्या गाडीसाठी आहे, फार जुन्या आणि हात फिरलेल्या गाडीत आधी बॅटरीचे कोणते टोक चेसिसला जोडले आहे ते पाहून घ्यावे.) आता किक मारल्यावर गाडी सुरू झाली आणि तापूनही चालत राहिली, तर कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर निर्दोष आहेत आणि दोष चावी, ॲमीटर, किल स्विच किंवा वायरिंगमध्ये आहे. या अवस्थेत चावीने गाडी बंद होत नाही, वायर काढावी लागते. आणि बंद इंजिनावर ही वायर लावून ठेवली तर मिटलेल्या पॉइंटमधून करंट वाहत राहून कॉइल जळते.

दोष या बाजूला निघाला तर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून काटा पाहावा. हँडलच्या मानेपाशी वायरी वर्षानुवर्षे वाकत राहतात आणि आवरणाच्या आत तुटतात. बाहेरून काही दिसत नाही. त्यानंतर ॲमीटरच्या मागचे दोन नट तपासावेत, पण बॅटरीची वायर सोडवूनच, कारण तेथे पाना धातूला लागला तर मोठा शॉर्ट होतो. साताऱ्याच्या एका मित्राची गाडी दोन महिने अशीच अधूनमधून मरत होती, तीन ठिकाणी दाखवून झाली होती, आणि शेवटी ॲमीटरचा एक नट अर्धा फेरा सैल निघाला. इंजिनाचा सगळा करंट त्या नटातून जातो. नट तापला की जोडणी सुटायची, निवला की जुळायची.

पॉइंट

पॉइंटचा दोष सहसा एकदम येत नाही, गाडी काही आठवडे आधीपासून बिघडत गेलेली असते. प्लग काढून, गाडी मधल्या स्टँडवर घेऊन, टॉप गिअरमध्ये मागचे चाक हाताने फिरवावे, म्हणजे पॉइंट हवे तेथे थांबवता येतात. ते सर्वांत जास्त उघडतील त्या जागी फिलर गेजने गॅप मोजावा. तो ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावा. गेजची पाती हलक्या हाताने, किंचित अडखळत सरकली पाहिजे.

गॅप इतका महत्त्वाचा असण्याचे कारण केवळ ठिणगी नव्हे. गॅप बदलला की टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळही बदलते. कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजत जाते, गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगी उशिरा पडते. इंजिन तापते आणि जोर कमी होतो. उलट गॅप प्रमाणापेक्षा जास्त ठेवला तर ठिणगी लवकर पडते आणि किक उलटी मारते. म्हणून चौथ्या प्रकारच्या लक्षणांत टायमिंगला हात लावण्याआधी गॅप मोजावा. टाच लवकर झिजू नये म्हणून कॅमवर उच्च तापमानाचे ग्रीस अगदी टाचणीच्या डोक्याएवढे लावावे. जास्त लावले तर ते उडून पॉइंटवर पडते आणि नवा दोष तयार होतो.

पॉइंटची तोंडे करडी आणि सपाट असावीत. एकीकडे टेकडी आणि दुसरीकडे खड्डा झाला असेल तर बारीक कानसीने टेकडी तेवढी काढावी, खड्डा पूर्ण भरून निघेपर्यंत घासत बसू नये. शेवटी पेट्रोलमध्ये बुडवलेला कागद आणि नंतर कोरडा कागद मिटलेल्या पॉइंटमधून ओढून काढावा. दुकानातून आणलेल्या नव्या पॉइंटवरही गंज न चढण्यासाठी तेलाचा पापुद्रा असतो. तो न पुसता पॉइंट बसवले की नवा भाग घातल्यावरही गाडी सुरू होत नाही, आणि मग चांगल्या भागावर संशय येतो.

थोड्याच दिवसांत टेकडी आणि खड्डा पुन्हा तयार झाले तर दोष पॉइंटचा नाही, कंडेन्सरचा आहे.

कंडेन्सर

माझ्या हाताखालून गेलेल्या तापल्यावर मरणाऱ्या बुलेटमध्ये सर्वांत जास्त वेळा हाच सापडला आहे. याचे कारण त्याच्या जागेत आहे. तो पॉइंटच्या डबीत, सिलिंडरच्या अगदी मागे बसतो, तेथे वारा पोहोचत नाही, आणि घाटात संथ गतीने चढणाऱ्या इंजिनाची सगळी उष्णता त्याला मिळते.

गाडी आचके देत का होईना चालत असेल तेव्हा डबीचे झाकण काढून पॉइंटकडे पाहावे. बारीक निळी चमक असणे स्वाभाविक आहे. पांढरट-पिवळी, मोठी, सतत पेटलेली ठिणगी दिसत असेल तर कंडेन्सर गेला. मल्टिमीटरवर त्याची क्षमता साधारण ०.२ मायक्रोफॅरड दिसली म्हणून त्याला निर्दोष ठरवू नये. मीटर त्याला काही थोड्या व्होल्टवर तपासतो, आणि चालत्या गाडीत पॉइंट उघडताना त्याच्यावर काहीशे व्होल्ट येतात, तेही तापलेल्या अवस्थेत. खरी तपासणी एकच आहे : गाडी बंद पडलेली असताना, तापलेल्या इंजिनावर, जुन्याची वायर सोडवून जवळचा चांगला कंडेन्सर लावून पाहणे. त्याचे शरीर अर्थला आणि वायर पॉइंटच्या वायरला लावली की पुरे, डबीच्या आत बसवण्याचीही गरज नाही. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली तर आणखी पुरावा लागत नाही.

नवा कंडेन्सर विकत घेताना स्वस्ताच्या मागे लागू नये, आणि जमल्यास दोन घ्यावेत. डब्यातून काढलेला नवाच कंडेन्सर खराब निघाल्याचा अनुभव मला एकदा नव्हे, तीनदा आला आहे. आता मी तो डबीत बसवतच नाही. कॉइलजवळ वारा लागेल अशा जागी, चेसिसला पक्की अर्थिंग देऊन बसवतो आणि वायर पॉइंटच्या वायरला जोडतो. तेव्हापासून माझ्या गाडीत हा दोष परतलेला नाही.

कॉइल

कॉइल सर्वांत शेवटी, कारण ती महाग आहे आणि लोक समजतात त्यापेक्षा कमी वेळा जाते. पहिल्या वेटोळ्याचा रोध घरी थंड असताना मोजून लिहून ठेवावा, आणि गाडी बंद पडल्यावर तापलेल्या कॉइलचा पुन्हा मोजावा. तांबे तापल्याने तो थोडा वाढतोच. पण मीटरने अनंत दाखवले, किंवा दुसऱ्या वेटोळ्याचा काही हजार ओहमचा आकडा नाहीसा झाला, तर तार आत तुटली आहे. रोध ठीक असूनही इन्सुलेशन फुटलेले असू शकते, ते मीटरला कळत नाही. तेथे दुसरी कॉइल तात्पुरती लावून तोच घाट चढून पाहणे हाच उपाय. ६ व्होल्टच्या जुन्या गाडीची कॉइल १२ व्होल्टवर लावू नये, तिचा रोध कमी असल्याने करंट दुप्पट-तिप्पट वाहतो आणि पॉइंट व कॉइल दोन्ही जळतात.

कुठे थांबावे

इंजिन मध्यम वेगाने चालत असताना बॅटरीच्या टोकांवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. १३च्या वर जातच नसेल तर चार्जिंग होत नाही. १५च्या वर गेले तर चार्जिंगचे व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला आहे आणि बॅटरी उकळेल. येथपर्यंत मोजणे आपले काम. पुढे वीज तयार करणारा अल्टरनेटर डावीकडच्या प्रायमरी चेनच्या झाकणाआड, तेलात आहे; तो उघडण्यासाठी योग्य पाने, गॅस्केट आणि रोटरची फट जमवण्याचा हात लागतो. ते ऑटो इलेक्ट्रिशियनकडे सोपवावे. चार्जिंग तपासण्यासाठी चालू इंजिनाची बॅटरी सोडवून पाहण्याची जुनी युक्ती कोणी सुचवली तर ती करू देऊ नये. तिने व्होल्टेज अनावर वाढून रेग्युलेटर आणि बल्ब जातात.

पॉइंटच्या डबीतला शाफ्ट बोटांनी आडवा हलवून पाहावा. तो हलला आणि हलवताना पॉइंटचा गॅप डोळ्यांदेखत बदलला तर शाफ्टला धरणारे आतले बुश झिजले आहेत. अशा गाडीत गॅप कितीही नीट लावला तरी तो दर फेऱ्याला वेगळा होतो आणि मिसिंग जात नाही. बुश बदलणे लेथवाल्याचे आणि अनुभवी मेकॅनिकचे काम आहे. टायमिंगची गिअर आणि ऑटो ॲडव्हान्सच्या (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणाऱ्या यंत्रणेच्या) स्प्रिंगा यांनाही घरी हात लावू नये. चुकीच्या टायमिंगने उलटी बसलेली किक घोटा मोडू शकते, आणि चुकीचे टायमिंग पिस्टनला भोकही पाडू शकते. वायरिंगचे आवरण वितळलेले दिसले, जळका वास आला, किंवा टाकी व कार्बुरेटरपाशी पेट्रोल ठिबकत असेल तर ठिणगीची कोणतीही तपासणी न करता बॅटरी सोडवावी आणि गाडी टेम्पोत घालून न्यावी.

मेकॅनिककडे गेल्यावर ‘गाडी बंद पडते’ एवढेच सांगू नये. बंद पडली तेव्हा काटा कुठे होता, कागद घातल्यावर काय झाले, थेट वायर लावल्यावर सुरू झाली की नाही, कोणता भाग तापलेल्या अवस्थेत बदलून पाहिला, हे कागदावर लिहून द्यावे. थंड गाडीसमोर उभ्या असलेल्या मेकॅनिकजवळ दोषाचा दुसरा पुरावा नसतो.

दोष सापडून भाग बदलल्यावर गाडी ज्या रस्त्यावर बंद पडत होती त्याच रस्त्यावर, तितकीच तापवून चालवावी. गल्लीतल्या फेरीने काही सिद्ध होत नाही. पॉइंट नवे घातले असतील तर त्यांची टाच सुरुवातीला लवकर झिजून कॅमवर बसते, म्हणून पहिल्या ५०० किलोमीटरनंतर गॅप पुन्हा मोजून ०.३५ ते ०.४० मिलिमीटरवर आणावा.